समाप्तीपर्यंत

“आता समाप्तीपर्यंत वेस वलांडायची न्हाई बरं का, पोरी,” गुरव म्हणाला. माझ्या कपाळाला त्याने अंगारा लावला आणि समईत तेल घालायला निघून गेला. ‘चहा घेऊन जा’ म्हणावं इतक्या सहज.

मी आबांकडे, माझ्या वडिलांकडे पाहिलं. आबा चौरंगाच्या डाव्या अंगाला, त्यांच्या नेहमीच्या जागी मांडी घालून बसले होते आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हते.

“आबा, तुमी तर आजच्या दिवस वाच म्हणाला हुता.”

“व्हय की. वाचलंस. लई गोड वाचलंस.”

“मला परवा सांगलीला जायचं हाय. कॉलेज सुरू हाय माजं.”

“पोथीला हात लावला की मधी सोडत न्हाईत, वैजा. ही काय मी काढलेली रीत हाय?”

रीत त्यांनी काढलेली नव्हती, हे खरं. पण मला तिच्यात ढकललं होतं त्यांनीच, तेही गोड बोलून. गाढवाच्या पाठीवर एकदा गोणी चढली की पुढचं काय ते गाढवाने बघायचं.

मी नागपंचमीला म्हणून गावी आले होते. चार दिवस राहायचं, झोके घ्यायचे, आईच्या हातची दिंडं खायची आणि परत जायचं, असा साधा बेत. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि आबांना तर अक्षरओळखही नव्हती. असा हा अंगठेबहाद्दर माणूस, पण दर श्रावणात दिवेलागणीला मारुतीच्या देवळात पोथी लागायची तेव्हा त्यांच्यावाचून पान हलत नसे. पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचक, तो ओवी वाचतो. दुसरा अर्थ सांगणारा. आमच्या गावात निवृत्ती शिंपी वाचायचे आणि आबा अर्थ सांगायचे. मला कळायला लागल्यापासून ही जोडी ठरलेली होती.

आबांचा अर्थ हा एक मासलाच होता. ओवी वैकुंठातली असो नाहीतर नरकातली, आबा तिला तीन वाक्यांत पानमळ्यात आणून सोडायचे. जन्मभर खोतांच्या पानमळ्यात वाट्याने राबलेला माणूस, त्याला दुसरं जग ठाऊक नव्हतं. ओवीत मायेचं बंधन आलं की आबा सांगणार, विड्याच्या पानांची वेल शेवरीच्या झाडाला केळीच्या सोपटाने कशी बांधायची. क्षमा आली की, किडकं पान खुडताना शेजारचं पान कसं राखायचं. बायका पदराने डोळे पुसायच्या. मला मात्र कॉलेजात गेल्यापासून हसू यायला लागलं होतं.

त्या वर्षी पोथी सुरू झाली आणि निवृत्तीमामांच्या डोळ्यांपुढे पडदा आला. अक्षरं दिसेनात. जवळजवळ सगळी पोथी त्यांना पाठ होती, पण पाठ म्हटलेली पोथी ही पोथी नव्हे, वाचणाऱ्याची नजर पानावर हवी, अशी गावाची समजूत. शाळा शिकलेली पोरं होती, पण जुनी जोडाक्षरं आली की त्यांची जीभ लंगडायची. शिवाय वाचकाने महिनाभर वेस ओलांडायची नाही, हे ऐकल्यावर एकेकाला मिरजेत तातडीची कामं निघाली. मग आबा उठून म्हणाले, “माजी वैजी वाचंल.” देवळात बाई वाचणार म्हणून कुणी नाक मुरडेल असं मला वाटलं होतं, आशाच होती म्हणा ना. पण पोथी मोडली तर गावावर काहीतरी येतं, या भीतीपुढे बाकीचे नियम शहाण्यासारखे बाजूला झाले.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, “आणि माजी अडचण आली मग? देवळात कशी जाऊ?”

आई भाकरी थापत होती. तिने हातही थांबवला नाही. “समाप्तीच्या फुडं हाय तुजी तारीख. मी बघितलंय.”

ती वाटही बंद झाली. लेकीची तारीख आईच्या बोटांवर असते, तिथे कसली पळवाट.

मग ते दिवस सुरू झाले. सकाळी आबांबरोबर पानमळ्यात कामाला जायचं. वाचकाने दुसऱ्याच्या घरी अन्न घ्यायचं नाही, म्हणून कुणाकडे उठबस नाही. दुपारी घरात बसायचं. सांगलीहून येताना लायब्ररीतली एक कादंबरी आणली होती, ती दोनदा वाचून झाली. तिसऱ्यांदा वाचताना तिच्यातली माणसं मला ओळखीची म्हणून कंटाळवाणी वाटायला लागली. गावात दुसरं छापील काही नव्हतं. म्हणजे पोथी होती. आणि खतांच्या पिशव्या होत्या.

एकदा तिन्हीसांजेच्या आधी मी उगाच चालत वेशीपर्यंत गेले. वेस म्हणजे काय, दोन दगडी खांब आणि वर पडकी कमान. पलीकडे मिरजेची एसटी थांबते. मी खांबाला हात लावून उभी राहिले, एवढंच. तर पाणी भरून निघालेल्या दोघी थांबल्या. पारावरचा म्हातारा उठला. “वैजा, कुठं निघालीस गं?” त्याने हाक मारली, आवाज प्रेमाचाच होता. साऱ्या गावाने मला डोळ्यांत तेल घालून जपायचं ठरवलं होतं. जपणाऱ्यांच्या तावडीतून सुटणं महाकठीण. चोर असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

शेजारच्या गावची शालन माझ्या वर्गात होती, ती रोज एसटीने ये-जा करायची. एसटी वेशीबाहेर थांबली की ती खिडकीतून बोलायची आणि मी कमानीच्या आत उभी राहून ऐकायची.

“वॉर्डनबाई म्हणतात, तुझी खाट दुसरीला देणार.”

“त्यांना सांग, पोथी आहे.”

“सांगितलं. त्या म्हणाल्या, कसली पोथी? हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि आठल्येबाई विचारत होत्या.”

“काय विचारत होत्या?”

“निबंध पुन्हा लिहून आणणार होती ना, म्हणाल्या. कुठाय ती?”

एसटी गेली. धुरळा मात्र वेस ओलांडून आत आला, त्याला कुणाची बंदी नव्हती.

तो निबंध माझ्या मनात ठसठसत होता. आठल्येबाई आम्हाला मराठी शिकवायच्या. त्यांनी ‘माझं गाव’ लिहायला सांगितलं आणि मी जीव ओतून लिहिलं. कमळांनी भरलेलं तळं लिहिलं, थुईथुई नाचणारे मोर लिहिले, सोनेरी किरणं तर चमच्याने वाढावी तशी वाढली. बाईंनी मला टेबलाशी बोलावलं.

“तुमच्या गावात तळं आहे?”

“नाही बाई.”

“मोर?”

“नाही.”

“मग आहे काय तुमच्या गावात?”

“पानमळे आहेत.”

“ते यात कुठे आहेत?”

बाई रागावल्या नव्हत्या, त्याचंच जास्त लागलं. “वाचतेस भरपूर, हे दिसतंय,” त्या म्हणाल्या. “पण हे सगळं तू वाचलेलं आहेस. पाहिलेलं एकही वाक्य नाही. पुन्हा लिही.” पुन्हा लिहायला बसले की हात आखडायचा. पानमळ्यात लिहिण्यासारखं काय असतं? चिखल, सावली आणि आबा.

पोथी मी सुरुवातीला नाक धरून वाचत होते. पण रोज दिवेलागणीला साठ-सत्तर माणसांसमोर मोठ्याने वाचायला लागलं की एक गोष्ट होते. ऐकणाऱ्यांचा श्वास ऐकू यायला लागतो. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने पुढे पुढे ओढत नेतात, माणसं थोडी पुढे झुकतात, आणि चौथा चरण आखूड, तो आला की सगळे एकदम मागे टेकतात. मी चौथ्या चरणाआधी जरा थांबले की शांतता आणखी ताणली जायची. घाई केली की कुणीतरी खोकायचं. पुस्तकं मी किती वाचली होती, पण वाक्याला वजन असतं आणि ते कुठे टेकवायचं याचं शिक्षण मला त्या देवळात मिळालं, तेही नको असताना. निवृत्तीमामा पुढेच बसायचे, मिटल्या डोळ्यांनी. चांगलं वाचलं की नुसती मान हलवायचे. त्या मानेसाठी मी वाचायला लागले, हे आता सांगायला हरकत नाही.

आणि इथेच फसले. वाईट वाचलं असतं तर सुटले असते.

एके संध्याकाळी पोथी झाल्यावर तात्या खोत आमच्या सोप्यावर येऊन बसले. पानमळा त्यांचा, आबा त्यांचे वाटेकरी. आमच्याच नात्यागोत्यातले, पण लांबचे, आणि पैसा आल्यावर नातं जितकं लांब जातं तितके लांब गेलेले. तात्यांनी पान जुळवलं, चुना लावला आणि आबांना म्हणाले,

“महादू, पोरीचा गळा म्हंजे देवाची देणगी हाय. ही देणगी गावाभायेर जाऊ द्यायची न्हाई, असं पंचांचं म्हणणं पडलं.”

“म्हंजी?” आबांनी विचारलं.

“म्हंजी काय. लेक गावात दिली की पोथीला वाचक कायमचा झाला. आमचा यशवंता हाय की. तुला सोयरीक जड वाटत असंल तर हुंड्याचं नावच काढत न्हाई मी. समाप्तीच्या दिशी देवळातच सुपारी फोडू. काय?”

आतल्या दाराशी आई उभी होती. तिच्या हातातली परात खाली ठेवलेली मी ऐकली. खोताचं घर चालून आलं होतं. आईच्या जागी मी असते तर मीही देव पावला म्हटलं असतं. आबांनी मान डोलावली. त्यांच्या तोंडावर एक उजेड आलेला मी पाहिला, आणि तो खोताच्या घराचा नव्हता. निवृत्तीमामांचे डोळे गेल्यापासून आबा आतून खचले होते. वाचक नाही तर अर्थ कशाचा सांगणार? अक्षर न येणाऱ्या माणसाला वर्षातून एक महिना गाव ऐकत होतं. मी गावात राहिले तर तो महिना मरेपर्यंत त्यांचा राहणार होता. हे मला दिसलं. तात्यांशी भांडता आलं असतं. त्या उजेडाशी कसं भांडायचं?

दुसऱ्या दिवशी यशवंत पानमळ्याच्या बांधावर आला. पायताणं बाहेर काढूनच आत आला, मळ्यात पायताण चालत नाही. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं, असं मी त्या महिन्यात किती वेळा म्हणाले असेन.

“तुला पुस्तकं आवडतात, असं ऐकलंय,” तो म्हणाला.

“आवडतात.”

“मी दर आठवड्याला मिरजेला जातो. लागतील तेवढी आणून देईन. तू घरात बसून वाच. कोण तुला काय म्हणणार न्हाई.”

“आणि मला लिहायचं असलं तर?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “कुणाला?”

त्याला पत्र वाटलं होतं. मी त्याला दोष देत नाही. लिहिणं म्हणजे आणखी काय, हे तेव्हा मला तरी कुठे सांगता आलं असतं. तो गेला आणि मी तिथेच वाफ्याच्या काठावर बसून रडले. मला माझं उरलेलं आयुष्य दिसलं: चांगला नवरा, कपाटभर पुस्तकं आणि वेशीच्या आत आयुष्यभर श्रावण.

समाप्ती जवळ आली. एका सकाळी वेली बांधायचं काम निघालं. पावसाळ्यात वेली भराभर चढतात, त्यांना शेवरीला धरून सोपटाने हलकं बांधावं लागतं. मी आणि आबा समोरासमोर बसून बांधत होतो. शेवटी मी तोंड उघडलं.

“आबा, मला हे लगीन नको.”

“पोरगं वंगाळ हाय का?”

“न्हाई.”

“घर वंगाळ हाय?”

“मला कॉलेजला जायचंय.”

“दोन वर्सं गेलीस की. आता वाचाय येतंय तुला. आणि काय शिकायचं ऱ्हायलं?” ते समजुतीने बोलत होते. “हितं राहून वाच. गाव डोक्यावर घेतंय तुला. तिकडं शहरात कोण ऐकणार हाय तुजं?”

“तुमी ऐका की माजं. आत्ता ऐका.”

“ऐकतोय की गं.”

पण ते वेलीकडे बघत होते. माझे हात रागाने चालले होते आणि मी काय बांधतेय इकडे माझं लक्ष नव्हतं. आबांनी एकदम माझं मनगट धरलं.

“अगं अगं, शेंडा कशापायी बांधलास? किती येळा सांगायचं? वेल बांधायची, शेंडा मोकळा सोडायचा. शेंडा बांधला की वेल खुटली म्हणून समज. मग पान कुठलं आणि काय कुठलं.”

त्यांनी हलक्या हाताने माझी गाठ सोडली, शेंडा मोकळा केला आणि पुढच्या वेलीकडे सरकले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. बोलून उपयोग नव्हता. या माणसाला बोललेलं कळत नाही, याला वाचून दाखवावं लागतं.

त्या दिवशी दुपारभर मी घरात येरझाऱ्या घालत होते. आईला वाटलं, पोरीला सुपारीची हुरहुर लागली. मी तोंडातल्या तोंडात चरण जुळवत होते, मोडत होते. यमक सापडे तर वजन हुके, वजन बसे तर अर्थ पळे. कमळ नाही, मोर नाही. शेवरी, सोपट, शेंडा. हे शब्द ओवीत बसतील असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते असे बसले की जसे काही तिथलेच. दिवेलागण झाली तेव्हा माझ्या तोंडात दोन ओव्या होत्या. त्या मी कागदावर उतरवल्या नाहीत. कागद लागलाच नाही.

देवळात गर्दी होती. समाप्तीचा आदला दिवस, त्यामुळे तात्या खोतही पुढे येऊन बसलेले, मागे खांबाला टेकून यशवंत. त्या दिवशीच्या अध्यायात एक ऋषी राजाला पालनाचा उपदेश करतो. प्रजा कशी पाळावी, गुरे कशी पाळावी, झाडे कशी पाळावी. मी झाडांपर्यंत आले. पान उलटलं. पानावर नजर ठेवली, कारण वाचकाची नजर पानावर हवी. आणि वाचलं:

*शेवरीचे आधारें वेली । सोपटाने बांधियेली ।*
*परी उंच जावया दिधली । मोकळी शेंड ॥*

*शेंड बांधी जो अज्ञान । त्याचे हातीं न ये पान ।*
*तैसें लेकीचें जीवन । बापाहातीं ॥*

लोक रोजच्यासारखे पुढे झुकले आणि चौथ्या चरणाला मागे टेकले. त्यांना काही वेगळं वाटलं नाही. पण निवृत्तीमामांची मान हलली नाही. ती ताठ झाली. ज्या माणसाला सगळी पोथी पाठ, त्याच्यापुढे मी हे धाडस केलं होतं, आणि तयारीच्या घाईत नेमकं त्यांनाच विसरले होते. त्यांनी मिटलेले डोळे माझ्या दिशेने वळवले. आता हा माणूस म्हणणार, हे पोथीत नाही. मग गाव काय करेल ते मारुतीलाच ठाऊक.

“पुन्ना वाच,” मामा म्हणाले.

आवडलेली ओवी पुन्हा वाचायला सांगायची पद्धत असते. पण तो आवडल्याचा आवाज आहे की पकडल्याचा, मला कळेना. मी पुन्हा वाचलं. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. मग मामांनी मान हलवली, अगदी थोडी, आणि म्हणाले, “महादू, अर्थ सांग.”

आबा माझ्याकडे बघत होते. महिनाभरात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. मला कळलं की त्यांना कळलंय. पोथी लिहिणारा कोण कुठला शेकडो वर्षांपूर्वीचा साधुपुरुष, त्याने खोताच्या मळ्यात बसून सोपटाच्या गाठी कधी बघितल्या होत्या? त्या ओवीत आबांचं सकाळचं वाक्य होतं. सगळ्या देवळात ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं.

“महादू,” तात्या म्हणाले, “सांग की. तुज्या मळ्यातलंच आलंय आज.” लोक हसले.

आबांनी घसा खाकरला.

“अर्थ सोपा हाय,” ते म्हणाले. “वेल बांधायची, ती पडू नये म्हणून. शेंडा मोकळा सोडायचा, ती वाढावी म्हणून. ज्यानं शेंडा बांधला, त्यानं वेल राखली असं त्याला वाटतं. पर ती वेल नसती मग, नुसती दोरी असती.” ते थांबले. मला वाटलं, झालं. पण ते पुढे बोलायला लागले, आणि आवाज नेहमीचा नव्हता. “आता पोथी वेलीचं बोलली. शेवरीचं काय बोलली न्हाई. ते मी सांगतो. वेल वर गेली की शेवरीला शेंडा दिसत न्हाई. ती उभी असती खाली. वर काय चाललंय, किती पानं आली, कुणाच्या तोंडात रंगली, तिला काय कळत न्हाई. तिला नुसतं वजन कळतं. वजन वाढलं की तिनं समजायचं, आपली वेल बरी हाय. तेवढ्यावर ऱ्हायचं.”

देवळात कुणी खोकलं नाही. बायकांचे पदर डोळ्यांना गेले, पण ते रोजच जात. मला पुढची ओवी दिसेना. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. मी दोन ओव्या रचून बापाला कोंडीत पकडायला गेले होते, आणि बापाने त्यांच्यात तिसरी घालून मला मोकळं केलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत मी जे काही लिहिलं आणि छापलं, त्यात असा अर्थ माझ्या हाताला एकदाही लागला नाही.

समाप्तीच्या दिवशी आरती झाली, प्रसाद वाटला गेला. तात्या खोतांनी नारळ आणि सुपारी ताटात घालून पुढे ठेवली. आई नव्या लुगड्यात बसली होती.

“हं महादू, फोडायची न्हवं?”

आबांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि ते ताट सावकाश तात्यांकडे परत सरकवलं.

“तात्या, पोरगी उद्या सांगलीला चाललीया.”

“म्हंजे? ठरलं हुतं की आपलं.”

“ठरलं हुतं. पर काल पोथीत काय आलं ते तुमीबी ऐकलंय. लेकीचा शेंडा बांधू नगं म्हणून सोच्छ लिवलंय. एवढ्या जणांच्या म्होरं मीच अर्थ सांगितला आणि मीच आज उलटं वागू? गावावर काय आलं तर?”

तात्यांनी पंचांकडे पाहिलं. पंच जमिनीकडे बघायला लागले. पोथी मोडल्यावर काय येतं, या भीतीनेच त्यांनी मला महिनाभर अडकवलं होतं. आता तीच भीती त्यांच्या गळ्यात आली होती. तात्या निवृत्तीमामांकडे वळले. “शिंप्या, तू वाचलीस इतकी वर्सं. हाय का असं पोथीत?”

निवृत्तीमामांनी प्रसादाचा हात धोतराला पुसला. “काल ऐकलं न्हाईस व्हय? दोनदा वाचलं पोरीनं,” ते म्हणाले. मामाही काही खोटं बोलले असं म्हणता यायचं नाही.

सुपारी फुटली नाही. त्याची किंमत आबांनी मोजली. पुढच्या हंगामात खोतांनी त्यांना मळ्याला लावलं नाही, आणि आबांना दोन कोसांवरच्या परक्या मळ्यात रोजाने जावं लागलं. आई माझ्याशी दिवाळीपर्यंत धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन वेशीपर्यंत आले. कमानीखाली आल्यावर माझे पाय आपोआप थांबले, महिन्याची सवय. आबा पलीकडे जाऊन उभे राहिले आणि मागे वळून म्हणाले, “ये की. आता कुणाची बंदी हाय?”

“आबा,” मी म्हटलं, “त्या ओव्या...”

“चांगल्या हुत्या,” ते म्हणाले. “पर शेवरी ऱ्हायली हुती. फुडच्या येळंला ध्यानात ठेव.” आणि एसटी आली.

सांगलीला गेल्यावर खाट गेलेलीच होती. मी दोन महिने दोन खाटांच्या मधे जमिनीवर झोपले. आठल्येबाईंना निबंध दिला, त्यात पहिल्या ओळीपासून पानमळा होता आणि शेवरीही होती. बाईंनी तो वाचून बाजूला ठेवला आणि नुसतं विचारलं, “पुढे?” पुढे बरंच झालं. ते पुस्तकांच्या मलपृष्ठावर छापलेलं आहे.

गावात पोथी कायमची बंद पडली नाही. एक-दोन श्रावण आबांचे मुके गेले, मग शाळेवर नवे मास्तर आले आणि ते वाचायला लागले. बारा गावचं पाणी प्यालेला, शुद्ध वाचणारा माणूस. एका श्रावणात मी गावी गेले होते, निवृत्तीमामा तेव्हा नव्हते. मी बायकांच्यात मागे बसले. ऋषीच्या उपदेशाचा अध्याय आला. मास्तर झाडांपर्यंत आले आणि पुढे जायला लागले, तशी आबांनी हात वर केला.

“थांबा मास्तर. दोन ओव्या ऱ्हायल्या.”

आणि आबांनी त्या म्हटल्या. शेवरीच्या आधारे वेली. न अडखळता, चौथ्या चरणाआधी थोडं थांबून. आजूबाजूच्या बायकाही त्यांच्याबरोबर पुटपुटत होत्या. म्हणजे हे दर वर्षीचंच होतं.

मास्तरांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं, चष्मा पुसला. “महादूआबा, दर साली तुम्ही थांबवता, म्हणून यंदा मी सगळी पोथी तपासून आलोय,” ते म्हणाले. “या ओव्या पोथीत नाहीत.”

आबांनी मागे वळून बायकांच्यात पाहिलं. मी त्यांना दिसले की नाही, कोण जाणे. समईचा उजेड तिथवर येत नव्हता.

“तुमच्या पोथीत नसतील, मास्तर,” ते म्हणाले. “आमच्यात हायत.” आणि ते अर्थ सांगायला लागले.